सेटअपच्या फ्लॉप्या

विंडोज पंच्याण्णव नवं होतं तेव्हा मी नगरजवळच्या केडगावात, पुणे रस्त्यालगतच्या एका गाळ्यात प्रोग्रॅमिंग करायचो. मालक आणि मी, एवढीच फर्म. मालकांना मी सर म्हणायचो. व्हिज्युअल बेसिकमध्ये मी दूध डेअरीसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. काट्यावरचं वजन आणि यंत्रातला फॅटचा आकडा केबलमधून थेट कॉम्प्युटरात यायचा आणि दूध घालणाऱ्याला छापील पावती मिळायची. मध्ये कुणाला आकडा फिरवता यायचा नाही. काही जणांना नेमकं तेच सलत होतं.

तिसगावच्या पुढे एका गावात मी तो बसवला. आठवडाभरातच, सकाळच्या दुधाच्या वेळी, डेअरीच्या सचिवाचा पुतण्या दोघांना घेऊन आत आला आणि त्यानं काट्याची केबल उपटली.

"अहो, थांबा," एवढंच मी म्हणालो. त्यानं कॅनचं झाकण माझ्या तोंडावर मारलं. माझाच दात माझ्या ओठात घुसला. मॉनिटर त्यानं उंबऱ्यावर आपटला. मी सीपीयूवर पालथा पडलो, तसा लोखंडी पाइप माझ्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडलं ते मी कानांनी ऐकलं.

रांगेतली एक मावशी पुढं झाली आणि तिनं भरलेली किटली त्याच्या पाठीत घातली. "पोराचा जीव घेतुस व्हय रं?" त्यानं तिच्या पोटात लाथ मारली. ती खाली पडल्यावर मात्र बाहेरची माणसं आत घुसली आणि त्यालाच तुडवायला लागली. त्याच्या ओरडण्यानं मला बरं वाटलं, हे खरं आहे.

दुधाच्या टेम्पोतून आम्हा दोघांना नगरला दवाखान्यात नेलं. मावशी पोट धरून बसली होती.

"परत कवा बसवनार?" तिनं विचारलं.

"मशीन फुटलं, मावशी."

"मशीन आमी दुसरं आनू. तू येशील ना?"

नव्या मशीनवर प्रोग्रॅम चढवायचा तर मलाच जावं लागे. नुसता प्रोग्रॅम नेऊन तो चालत नसे. त्याला लागणाऱ्या बारीकसारीक फाइली शोधून, विंडोजच्या फोल्डरात हातानं टाकाव्या लागत. आणि त्या गावात मला पुन्हा पाऊल ठेवायचं नव्हतं.

म्हणून मी सेटअप बनवायला शिकलो. फ्लॉपी घातली की कुणालाही प्रोग्रॅम बसवता यावा, म्हणजे मला जावं लागणार नाही.

हाताला प्लास्टर, डाव्या हातानं टायपिंग. व्हिज्युअल बेसिकसोबत सेटअप विझार्ड यायचा. तो प्रोग्रॅम तपासून लागणाऱ्या फाइली गोळा करायचा आणि दाबून लहान करून फ्लॉप्यांवर भरायचा. पण काही फाइली त्याला दिसायच्याच नाहीत. त्यातली एक मी सरांच्या मशीनवर हातानं टाकून पाहिली. ती जुनी निघाली, तिथल्या नवीवर बसली आणि सरांचा हिशेबाचा प्रोग्रॅम बंद पडला. सरांनी कीबोर्ड उचलून माझ्या डोक्यात घातला. बटणं फरशीवर उडाली. रक्त पुसत मी ध्यानात ठेवलं: नवीवर जुनी कधी चढवायची नाही, आधी फाइलीची आवृत्ती बघायची. विझार्ड तेवढं बघायचा. मीच बघितलं नव्हतं.

फ्लॉप्या न्यायला मावशीची सून आली. ती बारावी झालेली होती. एका मशीनमधलं सगळं पुसून, नुसतं विंडोज घालून मी तिला त्याच्यासमोर बसवलं. सगळ्या फ्लॉप्या घालून झाल्यावर पडद्यावर चूक आली.

"एक फाइल सापडत न्हाई म्हनतंय," ती म्हणाली. "तुमच्या फ्लॉप्यांतच न्हाई का ती?"

नव्हती. पावती छापायला लागणारी फाइल होती ती. मी ती यादीत घातली, फ्लॉप्या पुन्हा भरल्या. या खेपेला पावती निघाली. तिनं ती उजेडाकडं धरून वाचली.

डेअरी सचिवाच्या हातात, म्हणून नवं मशीन गावकऱ्यांनी मावशीच्या पडवीत मांडलं आणि दूध तिथंच मोजायला लागले. तेही पुतण्यानं फोडलं. या वेळी सुनेच्या कपाळावर दगड बसला आणि टाके पडले. टेम्पोवाल्यानं केडगावात थांबून मला सांगितलं, तेव्हा मी कसातरी धीर करून त्याच्याच शेजारी बसलो आणि गेलो.

पडवीत तिसरं मशीन चालू होतं. सून डोक्याला पट्टी बांधून पावत्या काढत होती. दाराशी बायका विळे घेऊन बसल्या होत्या आणि समोरच्या पारावर तो पुतण्या उभा होता.

"मला बोलावलं का नाही?" मी विचारलं.

"फ्लॉप्या हुत्या की," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "तुमी येऊन येगळं काय केलं असतं?"

पुढं मारहाणीची केस कोर्टात बरीच लांबली आणि शेवटी गावानं ती मिटवली. त्या सकाळी मात्र मावशीनं मला विळेवाल्या बायकांच्या मधे जागा करून दिली, आणि शेवटचा कॅन मोजून होईपर्यंत मी तिथं बसून राहिलो.