मैलातले नऊ मीटर

कॉलेजच्या जिमखान्याबाहेर एक लाकडी बोर्ड आहे. डावीकडे शर्यतीचं नाव, मधे पळणाऱ्याचं, उजवीकडे वेळ. सगळ्यात खालच्या ओळीत, मैलाच्या शर्यतीपुढे, तीसेक वर्षं माझं नाव होतं. कॉलेजात मी दुसरं काही मिळवलेलं नाही. दुसऱ्या वर्षाला दोनदा बसलो आणि सोडून दिलं. त्यामुळे ती ओळ कोणी खोडली तर का खोडली, हे विचारायचा मला हक्क होता असं मी धरून चाललो. अजूनही तसंच धरतो.

आईवडील पाथर्डीकडून ऊसतोडीला या बागायती भागात यायचे. एका हंगामानंतर ते परत गेले आणि मी राहिलो. एका हार्डवेअरच्या दुकानात माल उतरवायचं काम धरलं, त्यातच कॉलेजात नाव घातलं. आज बेलापूरच्या रस्त्याला माझं पाइपचं दुकान आहे. भावात मी कोणाला सोडत नाही, आणि माझा आवाज लवकर चढतो, हे या रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे.

पाइपच्या धंद्यात दोन मापं शेजारी शेजारी चालतात. गिऱ्हाईक ‘अडीच इंची, वीस फुटी’ मागतं. पाइपावर छापलेलं असतं पंचाहत्तर मिलिमीटर, सहा मीटर. सहा मीटर म्हणजे वीस फुटाला जवळजवळ चार इंच कमी. दुकानदाराला हे ठाऊक असतं, शेतकऱ्यालाही असतं. विहिरीपासून शेवटच्या वाफ्यापर्यंत लाइन टाकली आणि शेवटी तुकडा कमी पडला, की मगच त्याची आठवण निघते. जमिनीचंही तेच. उताऱ्यावर हेक्टर-आर, बोलणं गुंठ्यात. दोन मापांच्या मधल्या फटीत कुणाचं तरी काहीतरी जातंच. ते आपलं जाऊ नये एवढं बघायचं, ही माझी आयुष्यभराची रीत.

आमच्या वेळी कॉलेजचं मैदान यार्डात आखलेलं होतं. एक फेरी चारशे चाळीस यार्डांची, चार फेऱ्यांचा बरोबर मैल. देशात मीटर येऊन जमाना झाला होता, विद्यापीठाच्या स्पर्धेत पंधराशे मीटर पळत. पण कॉलेजच्या स्पोर्ट्सचा शेवट मैलानेच व्हायचा. जिंकणाऱ्याला कप मिळत नसे, गुळाची ढेप मिळे. ती मैदानातून बाहेर न्यायची नाही, तिथेच फोडून वाटायची. आणि पहिला तुकडा शेवटी आलेल्याला द्यायचा. ही प्रथा कोणी पाडली ते कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी येणाऱ्याला ढेपेपर्यंत चालत यावं लागे आणि सगळं मैदान त्याच्या तोंडाकडे बघत असे.

मी जिंकलो त्या वर्षी शेवटी आला तो देवळाली प्रवऱ्याचा एक बागायतदाराचा मुलगा. त्याच्या पायात नवे बूट होते, मी अनवाणी होतो. मी त्याला तुकडा दिला, त्याने तो चावत चावत मला विचारलं, ‘‘गूळ तुमच्याच आईबापानं तोडलेल्या उसाचा हाय का रं?’’ मी त्याची कॉलर धरली. सरांनी सोडवलं. तेव्हापासून आमची ओळख आहे. आता तो कॉलेजच्या स्थानिक समितीवर आहे, पाइप माझ्याकडूनच नेतो आणि भावात मला घाम फोडतो.

काही वर्षांपूर्वी मैदान सपाट करून नवा ट्रॅक आखला. गेल्या हिवाळ्यात त्यावर पाणी मारायला पाइप माझ्या दुकानातून गेला. आतल्या कडेने किती लागतील म्हणून मी क्रीडा विभागाच्या मॅडमना फेरी किती ते विचारलं.

‘‘चारशे मीटर,’’ त्या म्हणाल्या.

मी तेव्हा भावाच्या बोलण्यात होतो. चारशे हा आकडा कानावर पडला आणि पाइपांच्या हिशोबात गेला, बाकी कुठे शिरला नाही.

पुढच्याच महिन्यात स्पोर्ट्स झाले. माजी विद्यार्थी आणि पाइपवाला म्हणून मला बोलावलं होतं. मैल चार फेऱ्यांचाच पळाले. तिसऱ्या वर्षाचा एक उंच, काटकुळा मुलगा पुढे होता, तो शेवटपर्यंत पुढेच राहिला. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि माइकवर सांगितलं की कॉलेजचा विक्रम मोडला, एका सेकंदाने. ढेप माझ्याच हाताने द्यायला लावली. मी दिली. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या.

स्कूटरवरून घरी येताना, कालव्याच्या पुलावर, तो चारशेचा आकडा परत आला. जुनी फेरी चारशे चाळीस यार्ड, म्हणजे चारशे दोन मीटर आणि वर थोडं. चार फेऱ्यांत नऊ मीटरांचा फरक. त्या वेगाने पळणाऱ्याला नऊ मीटरला दीड सेकंद लागतो. माझा विक्रम एका सेकंदाने गेला होता. म्हणजे तो गेलाच नव्हता.

मी स्कूटर वळवली. मैदानावर मांडव सोडत होते. मॅडम खुर्च्या मोजून घेत होत्या.

‘‘मॅडम, मैल सुरू कुठून केला?’’

‘‘रेषेवरून. नेहमीसारखा.’’

‘‘मग तो मैल नव्हता. सोळाशे मीटर होता.’’

‘‘हो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण मुलं सोळाशेलाच मैल म्हणतात.’’

हे खरं होतं. पोलीस भरतीला सोळाशे मीटर पळावं लागतं. आमच्या भागात गावोगाव पोरं पहाटे रस्त्याला पळताना दिसतात, आणि ती सगळी ‘मैल मारून आलो’ असंच म्हणतात. नवा ट्रॅक आल्यापासून कॉलेजातही तेच चाललं होतं. आतापर्यंत कोणी माझ्या वेळेच्या जवळ आलं नव्हतं, म्हणून कोणाला कळलं नव्हतं. मलाही नाही.

मी प्राचार्यांना भेटलो, आवाज चढवला, आणि त्यांनी विषय समितीपुढे ठेवला. बैठकीला प्राचार्य, मॅडम, माझा तो देवळालीचा वर्गबंधू आणि मी. मॅडमना मैल बंदच करायचा होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं: विद्यापीठात पंधराशे मीटर असतात, कॉलेजची निवड मैलावर करून उपयोग नाही. पोरांना भरतीसाठी सोळाशे हवेत, तेही ठेवू. मैल कुणाच्याच कामाचा नाही.

‘‘माझ्या कामाचा आहे,’’ मी म्हणालो. ‘‘यार्डातला मैल यार्डात मोडा. कोणी मोडला तर मी स्वतः रंगाचा डबा आणून देतो. पण नऊ मीटर कमी पळून माझं नाव पुसायचं, हा कुठला न्याय?’’

प्राचार्य शांत माणूस. ‘‘नऊच मीटर आहेत, शेठ. एवढं ताणायचं का?’’

‘‘तुमच्या घराच्या प्लॉटची हद्द नऊ मीटर आत सरकवू का मी?’’

मग वर्गबंधू खुर्चीत मागे रेलला. त्याने हे बोलणं घरून आणलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

‘‘मला एक सांगा शेठ. मी तुमच्या दुकानात वीस फुटी पाइप मागतो. तुमी मला किती फुटी देता?’’

मॅडम हसल्या. प्राचार्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

‘‘बिलात सहा मीटर लिहिलेलं असतं,’’ मी म्हणालो. ‘‘मी खोटं लिहीत नाही. तू फूट म्हणतोस ते तुझं तोंड.’’

‘‘लिहिलेलं असतं व्हय. आन् तोंडानं ‘घ्या वीस फुटी’ कोन म्हनतं?’’

मी टेबलावर हात आपटला. पाण्याचा ग्लास मॅडमच्या कागदांवर सांडला. त्यांनी कागद उचलून झटकले आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाल्या, ‘‘शेठ बिलाचं सांगताहेत ते बरोबर आहे. आपणही तसंच करू. मुलाच्या नावापुढे सोळाशे मीटर लिहू. मैलाच्या ओळीत शेठचं नाव राहू देऊ, आणि कंसात ‘बंद’ लिहू. पुढच्या वर्षीपासून पंधराशे आणि सोळाशे.’’

मला हवं होतं ते सगळं त्यात होतं. नाव राहत होतं आणि पुढे कोणी त्याला हातही लावू शकणार नव्हतं. धंद्यात एवढी बोली आली असती तर मी चेहरा पाडून, दोन मिनिटं थांबून, हो म्हणालो असतो. पण ‘बंद’ हा शब्द मला टोचला. बंद पडलेल्या मोटारीवर लिहितात तसा तो शब्द. सांडलेलं पाणी अजून टेबलावरून ठिबकत होतं आणि वर्गबंधू अजून हसत होता.

‘‘बंद नको,’’ मी म्हणालो. ‘‘एकदा पुरा मैल लावा. त्या मुलालाच पळवा. नाही मोडला, तर बंद न लिहिता माझं नाव राहील. मोडला, तर त्याचं लिहा आणि मग खुशाल बंद करा.’’

‘‘मिळतंय ते घ्या, गड्या,’’ वर्गबंधू म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता. ‘‘लई चांगलं मिळतंय.’’

मी घेतलं नाही. माझा हिशोब पक्का होता. मुलाने सेकंदाने मोडला होता, नऊ मीटर दीड सेकंदाचे. अर्धा सेकंद माझ्या बाजूला होता.

एका रविवारी सकाळी सगळे मैदानावर जमलो. सगळे म्हणजे तेच चौघे आणि तो मुलगा. दुसरं कोणी मैल पळायला उतरलं नाही. बाकीच्यांना भरतीचा सराव होता आणि नऊ मीटर जास्त पळण्यात त्यांना अर्थ दिसला नाही. मी माझा टेप नेला होता, एका बाजूला फूट आणि दुसऱ्या बाजूला मीटर असलेला. सुरुवातीच्या रेषेमागे नऊ मीटर आणि वर हातभर जागा मोजली, मॅडमनी तिथे चुन्याच्या फक्कीची रेघ मारली. वर्गबंधूने वाकून टेप बघितला, मी कुठली बाजू धरली आहे ते.

ढेप वर्गबंधूने आणली होती. ती प्राचार्यांच्या खुर्चीशेजारी वर्तमानपत्रावर ठेवलेली होती.

मुलगा बूट बांधत बसला होता. मी त्याच्याजवळ गेलो. त्याने उठून नमस्कार केला.

‘‘काका, तुमचाच होता ना विक्रम?’’

‘‘आहे,’’ मी म्हणालो. ‘‘होता नाही.’’

तो हसला. ‘‘मला काय, सोळाशे काय न् मैल काय.’’

हे त्याने वाईट अर्थाने म्हटलं नव्हतं, हे मला आज दिसतं. तेव्हा दिसलं नाही. ज्या गोष्टीसाठी मी समितीशी भांडलो, तिला तो ‘काय’ म्हणत होता.

‘‘तुला नाही जमायचं,’’ मी म्हणालो. ‘‘कमी पळून नाव लावायची सवय लागली आहे तुम्हाला. पुऱ्या मैलाला दम लागतो.’’

त्याने माझ्याकडे बघितलं. मग खाली बसून त्याने दोन्ही बुटांच्या नाड्या सोडल्या आणि पुन्हा, घट्ट बांधल्या.

‘‘बघू की,’’ एवढंच म्हणाला.

पहिल्या दोन फेऱ्या तो सहज पळाला. तिसरीत मी वळणावर उभा होतो. तो समोरून गेला तेव्हा त्याने मान वळवून मला बघितलं. चौथ्या फेरीत तो पूर्ण ताकदीने पळत होता. त्याचं तोंड वाकडं झालं होतं, हात वर येत होते. अशी शेवटची फेरी मी त्या मैदानावर कोणाची बघितली नव्हती. स्वतःची बघता येत नाही. तो रेषा ओलांडून पुढे जाऊन गुडघ्यांवर पडला. मॅडमनी घड्याळ आधी प्राचार्यांना दाखवलं, मग मला.

माझ्या वेळेपेक्षा अर्ध्या सेकंदाने कमी. पुऱ्या मैलाला.

मॅडम घड्याळ खिशात ठेवत म्हणाल्या, ‘‘शेठ, तुम्ही त्याला काय बोललात?’’

‘‘का?’’

‘‘तो आज जोरात पळणारच नव्हता. उद्या त्याची भरतीची चाचणी आहे. मला सकाळीच सांगितलं होतं त्याने, चार फेऱ्या आरामात मारतो, काकांचं नाव राहू द्या म्हणून.’’

मी टेप गुंडाळत होतो. तो अर्ध्यात अडकला, तसाच पिशवीत टाकला.

मुलाला उठायला वेळ लागला. प्राचार्यांनी ढेप त्याच्या हातात दिली. त्याने ती जमिनीवर ठेवून दगडाने फोडली आणि हातात एक तुकडा घेऊन इकडेतिकडे बघितलं. प्रथा त्याला माहीत होती. पण तो एकटाच पळाला होता.

‘‘शेवटी कोण आलं म्हणायचं?’’ त्याने विचारलं.

वर्गबंधूने माझ्याकडे बघितलं, मग मैदानाकडे, मग परत माझ्याकडे.

‘‘पळले तर दोघंच,’’ तो म्हणाला. ‘‘एक आज पळला, एक तवा.’’

मुलगा तुकडा घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. मी तुकडा घेतला. घेतला नसता तर मैदान सोडून निघावं लागलं असतं, आणि माझी स्कूटर दुसऱ्या टोकाला होती. गूळ चांगला होता, थोडा खारट.

‘‘कसा लागतो?’’ वर्गबंधूने विचारलं. तीसेक वर्षं तो हे विचारायला थांबला होता.

‘‘आहे,’’ मी म्हणालो. ‘‘ढेप वजनात पुरी भरली का, ते बघ आधी.’’

बोर्डावर आता मैलापुढे त्या मुलाचं नाव आहे आणि कंसात ‘बंद’. रंगाचा डबा मी दिला, बोललो होतो. भरतीच्या चाचणीत त्याला हवी ती वेळ मिळाली नाही, पाय भरून आले होते, पुढच्या खेपेला तो परत बसणार आहे. हे मला मॅडमनी सांगितलं. त्या पाइपचे सांधे न्यायला आल्या होत्या.