लाल दोऱ्याचा दुधी

तिचं नाव मी कधी विचारलंच नाही. पापडी गावातल्या आमच्या वाडीत ती दिवस मावळताना यायची आणि कॉलेजची बॅग पाठीवर तशीच ठेवून दुधीच्या मांडवाखाली उकिडवी बसायची. बायोलॉजीचा प्रोजेक्ट म्हणे! मच्छर चावले तरी हलायची नाही.

त्या साली कोवळे दुधी पिवळे पडून गळत होते. कीड असणार म्हणून पंप पाठीला लावून मी फवारायला निघालो, तर ती आडवी आली.

"अंकल, आत्ता नको ना!"

"ए बाय, मधमाश्या वाचाव्यात म्हणून तर मी संध्याकाळी औषध मारतो."

"पण दुधीचं फूल संध्याकाळीच उघडतं. त्याचे पराग नेणारे पाहुणे आत्ता येतात, ते मेले तर दुधी धरणार कसा?"

बापजाद्यांपासून दुधी लावणाऱ्याला ही पोर शिकवणार! तरी पंप खाली ठेवला. अंधारताना एक जाडसर पतंग भिरभिरत आला आणि पांढऱ्या फुलात सोंड घालून गेला. "आला!" ती अशी ओरडली की शेजारची कुत्री भुंकायला लागली. त्या फुलाला तिनं लाल दोरा बांधला.

संध्याकाळची फवारणी मी बंद केली. दोऱ्याच्या फुलाला दुधी धरला, मग मांडवभर धरले. दोऱ्याचा दुधी तिनं परीक्षेला नेला आणि परतताना फाटकातूनच ओरडली, "अंकल, पुरावा काय विचारलं, तर मी दुधीच टेबलावर ठेवला! पहिली आले!"

पुन्हा काही ती दिसली नाही. पण दरवर्षी बियाण्यासाठी आम्ही एक वेल राखून ठेवतो. त्या वेलीला आता घरात सगळे 'कॉलेजवाली' म्हणतात.