उमरीची कढई

टेम्पो दारात हॉर्न वाजवत होता आणि मी सैपाकघरात दोन कढया समोर घेऊन बसले होते. एक लोखंडी, सासूबाईंच्या वेळची, तेल पिऊन पिऊन काळीभोर झालेली. दुसरी ॲल्युमिनियमची, कडेला चेपलेली. लातूरला कोणती न्यायची आणि उमरीत कोणती ठेवायची, तेच ठरेना. गादी, कुकर, जादाचा सिलिंडर, प्रज्ञाची पुस्तकं, बाबासाहेबांचा फोटो, सगळं चढवून झालं होतं. बाहेरून आमचे गुरुजी ओरडले, "अगं, पोरीला डॉक्टर करायला चाललीस का भांड्याचं दुकान टाकायला?"

शेवटी लोखंडी ठेवली. जड असते, लवकर करपू देत नाही, नवख्या माणसाला सांभाळून घेते. आणि नवखा माणूस म्हणजे गुरुजीच. माझे मिस्टर. उमरीजवळच्या खेड्यात शाळेवर आहेत. पोरांना पाढे, कविता सगळं शिकवतात, पण तोवर त्यांनी घरात कधी स्वतःचा चहा केला नव्हता. त्यात साखरेचा आजार. सकाळी गोळी घ्यायची आणि गोळीमागं लगेच पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी घेऊन उपाशी राहिलात तर रस्त्यात चक्कर येऊन पडाल. इतकी वर्षं ते माझ्या भरवशावर गोळी घेत होते. गोळी त्यांच्या तोंडात आणि सुशीला माझ्या कढईत, हे एकाच वेळी चालायचं.

सुशीला म्हणजे आमच्याकडची न्याहारी. मुरमुरे पाण्यात बुडवायचे, बुडवले की लगेच काढून पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत टाकायचे, वरून डाळव्याचं कूट भुरभुरायचं. दिसायला काही नाही, खायला लई भारी. टेम्पोत बसता बसता मी त्यांना शेवटचं विचारलं, "न्याहारी घरी करणार ना? बाहेरचं तेलकट खाणार न्हाई ना?" ते म्हणाले, "करीन गं. मुरमुरे भिजवायला काय डिग्री लागते?" मान वर करून बघितलं पण नाही. मला तेव्हाच कळलं, हा माणूस करणार नाही.

लातूरच्या आमच्या गल्लीत ज्या कोणी राहिल्या असतील त्यांना वेगळं सांगायला नको. सगळ्या आयाच. कोणी मुरुडची, कोणी औशाची, कोणी देगलूरहून आलेली. नवरे गावाकडं, आम्ही इथं एका खोलीत, पोरं नीटच्या क्लासला. आम्हाला नावंही नव्हती. मी प्रज्ञाची मम्मी, समोरची ओंकारची मम्मी. सूर्य उगवायच्या आत गल्लीभर कुकरच्या शिट्ट्या आणि पोळ्यांचा वास. घरमालकीण आक्का, कपाळाला विभूती, बोलायला मोजकी. त्यांनी आडनाव विचारलं तेव्हा मला वाटलं, आता खोली जाते. पण त्यांनी नुसती मान हलवली, अंडं चालणार नाही म्हणाल्या आणि नळाला पाणी कधी येतं ते सांगितलं. मी पहिल्यांदा बाबासाहेबांचा फोटो लावला आणि मग गॅस जोडला.

प्रज्ञाला गरम खाऊन पाठवायचं, म्हणून तर मी इथं आले होते. हॉस्टेलच्या पोरी क्लाससमोरच्या गाड्यावर इडली नाहीतर पोहे खाऊन पळतात. माझी पोरगी घरचं खाऊन जाईल, तिचं पोट बिघडणार नाही, तिला वेळेवर मिळेल, एवढंच माझं काम. मी ते केलं. पण हात इकडच्या कढईत आणि जीव उमरीत. इकडं पोरगी ताटावर बसली की तिकडं गोळी घेऊन झाली असेल, हेच डोक्यात.

रोज सकाळी फोन लावायची. "खाल्लं का?" "हाव, खाल्लं." "काय केलं?" "सुशीला करून राहिलो ना." एक तर खाल्लं तरी म्हणा नाहीतर करून राहिलो म्हणा! आणि पाठीमागं कोणीतरी ओरडत असायचं, "दोन पुरी-भाजी, रस्सा वरून!" वर भोंग्यावरून एसटीची अनाउन्समेंट. आता आमच्या सैपाकघरात नांदेडची गाडी कुठून लागणार? स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून हा माणूस मला सुशीला ऐकवत होता. मी रागावले, रडले, शप्पथ घातली. त्यावर ते म्हणायचे, "संगीता, हॉटेल काय वाईट न्हाई. गरम देतो, पाणी देतो, बोलायला चार माणसं असतात. घरी कोण हाय?" तो प्रश्न घेऊन मी दिवसभर खोलीत बसायची.

गल्लीतल्या बाकीच्यांचं तेच होतं. ओंकारच्या मम्मीचा नवरा वडापाव खाऊन दुकान उघडायचा. आम्ही सगळ्या इथं पोरांसाठी घरची न्याहारी रांधत होतो आणि गावोगावी आमची घरं हॉटेलात जेवत होती. कुणी हसून सांगायची, कुणी सांगता सांगता पदर डोळ्याला लावायची.

मग ती सकाळ आली. थंडीचे दिवस होते, प्रज्ञाची टेस्ट होती, ती खाऊन गेली. मी फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नुसतीच रिंग. उमरीतल्या शेजारच्या शांताआत्यांना लावला, त्या म्हणाल्या गुरुजी गाडी काढून कधीच गेले की. स्टँडवरचं हॉटेल आज बंद हाय, मालकाच्या घरी लगीन हाय. गोळी घेतली असणार. हॉटेल बंद. घरात चूल पेटत नाही. आणि हा माणूस मोटारसायकलवर!

मी वेड्यासारखी फोन लावत सुटले. पिशवीत दोन साड्या कोंबल्या. प्रज्ञाला आणायला म्हणून क्लासच्या फाटकापर्यंत गेले, आत पोरं खाली मान घालून पेपर लिहीत होती, आणि मी तिथंच थबकले. आत जाऊ का नको? तिला काय सांगू? फोन कानाला तसाच. तेवढ्यात तिकडून उचलला. बाईमाणसाचा आवाज. अनोळखी.

"कोण बोलून राहिलं?"

"मी त्यांची घरवाली. ते कुठं हायेत? काय झालं?"

"काही न्हाई झालं. रोडच्या कडंला बसले होते, घामानं भिजलेले, थरथर कापत होते. मी शेतात चालले होते. गूळ दिला, भाकर दिली. आता बरे हायेत." मग ती बाई जरा चढ्या आवाजात म्हणाली, "पण काय हो ताई, सकाळच्या पारी माणसाला उपाशीच लावून देता का घरून?"

मी लातूरच्या रस्त्यावर उभी होते. चारी बाजूंनी पोरं सायकली घेऊन चालली होती. तिला मी काय सांगणार होते? की मी इथं आहे, घरी कोणी नाही, मी पोरीला घरचं खाऊ घालते म्हणून नवरा तिकडं उपाशी आहे? मी म्हणाले, "चुकलं ताई." तिचं नावसुद्धा विचारायचं सुचलं नाही. आजही कधी गुळाचा खडा हातात घेतला की ती आठवते.

त्याच दिवशी उमरी गाठली. प्रज्ञाच म्हणाली, "मम्मी, तू जा, मी गाड्यावर खाते, मला काही होत न्हाई." घरी पोचले तर गुरुजी खाटेवर बसलेले, चेहरा ओशाळलेला. सैपाकघरात गेले. मी जाताना जिथं ठेवली होती तिथंच लोखंडी कढई होती. आत कोळ्यानं जाळं केलं होतं. मी ती घासली आणि घासता घासता मोठ्यानं रडले. ते दारात येऊन उभे राहिले. "तू नको रडू," म्हणाले, "मला कांदा कसा चिरायचा ते दाखव." मी दाखवला. पण इकडं लातूरला प्रज्ञाला गाड्यावरच्या चटणीनं जुलाब लागले आणि पुढची टेस्ट बुडाली. मला परत पळावं लागलं. एकाला सांभाळलं की दुसरं सुटायचं. मला वाटायचं, आपले दोन तुकडे का होत नाहीत.

मग फोनवर शाळा सुरू झाली. मी इकडं स्पीकर लावून फोन मिठाच्या बरणीला टेकवायची, ते तिकडं. पहिल्या दिवशी मी सांगितलं, मुरमुरे पाण्यात टाका. ते म्हणाले, टाकले. आणि गेले की आंघोळीला! पोहे भिजत ठेवतात तसं त्यांना वाटलं. परत आले तर पातेल्यात नुसता चिखल. "संगीता, हे पिऊन टाकू का?" मी हसून हसून खाली बसले. प्रज्ञा म्हणाली, "मम्मी, तू लई दिवसांनी हसली." दुसऱ्या दिवशी नुसतं खोकणं ऐकू आलं. का, तर मिरचीची फोडणी करताना त्यांनी खिडकी लावून घेतली होती. शांताआत्यांना दिसलं तर गावभर होईल, गुरुजी चूल फुंकतात म्हणून.

पण हळूहळू जमायला लागलं. मी आता "खाल्लं का" असं विचारत नसायची. नुसतं ऐकायची. मोहरी तडतडली, मुरमुऱ्यांचा चर्र आवाज झाला, उलथणं लोखंडाला लागलं की माझा श्वास खाली यायचा. तो आवाज हॉटेलात बसून काढता येत नाही. तो झाला की मगच मी प्रज्ञाचं ताट वाढायची.

नीटचा निकाल लागला. प्रज्ञाला मार्क चांगले होते, पण सरकारी कॉलेजला पुरणारे नव्हते. थोडक्यात गेलं. खोलीचं सामान आवरून आम्ही उमरीला आलो. मनात सारखं एकच, मी तेव्हा पोरीला गाड्यावर टाकून आले नसते तर? तिनंच विषय काढला. "मी नांदेडला बीएस्सी करते. घरून येणं-जाणं करीन." मला ठाऊक होतं ती असं का म्हणत होती. दुसऱ्यांदा परीक्षा द्यायची तर परत लातूर, परत खोली, परत मी तिकडं आणि पप्पा इकडं. पोरीनं तो रोडकडेचा किस्सा मनात धरला होता. मीही तिला "नको, परत दे" असं म्हणू शकले नाही. लई भ्यायले होते मी. माझ्या पोरीचं डॉक्टर होणं तिच्या बापाच्या न्याहारीवर अडलं होतं आणि घरातलं कोणी ते तोंडातून काढत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती मोहरीच्या तडतडीनं. फोनवरून नाही, भिंतीपलीकडून. सैपाकघरात गेले तर गुरुजी बनियनवर, खांद्यावर टॉवेल, लोखंडी कढईत सुशीला हलवत होते. आणि खिडकी सताड उघडी. पलीकडून शांताआत्या बघत होत्या. "काय गुरुजी, बाई आली तरी तुम्हीच का?" म्हणाल्या. "हाव," ते म्हणाले, "तिची सुट्टी हाय. तुम्हाला देऊ का वाटीभर?"

त्यांनी प्रज्ञाच्या हातात ताटली दिली, मग माझ्या. कूट जरा जास्त झालं होतं, पण मुरमुरे मोकळे होते. प्रज्ञा खाली मान घालून खात होती. ते तिच्याकडं न बघता म्हणाले, "आक्कांना फोन कर. खोली दुसऱ्याला देऊ नका म्हणावं. अजून एक साल." पोरगी एकदम रडायला लागली, तोंडात घास तसाच. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण माझी कढई, माझं सैपाकघर, आणि मी तिथं पाहुणी होऊन ताटली धरून उभी होते. ज्या काळजीनं दोन वर्षं जीव खाल्ला ती गेली, तर मला मोकळं मोकळं नाही, उघडं उघडं वाटलं. तुमच्यातल्या ज्या गाव सोडून आल्यात त्यांना हे कळेल. ज्या गावातच राहिल्यात त्यांना मी वेडी वाटेन.

तर मी परत लातूरला आहे. तीच खोली, त्याच आक्का. काळजी गेली कुठं, जागा बदलून बसली. यंदा तरी होईल का, नाही झालं तर काय, पोरगी आतल्या आत खचणार तर नाही ना.

आज प्रज्ञाची टेस्ट फारच लवकर होती. "मम्मी, उठू नको, मी गाड्यावर इडली खाते," म्हणाली आणि गेली. मी उठले तर होतेच. पण कुणासाठी करायचं? एकटीसाठी कोण गॅस पेटवतं? चहाही ठेवला नाही. खोलीत तशीच बसून राहिले. उमरीला फोन लावायचाही राहिला.

थोड्या वेळानं त्यांचाच आला. आज त्यांनी विचारलं, "खाल्लंस का?"

मी म्हणाले, "हाव, खाल्लं."

मग ते म्हणाले, "खोटं बोलतीस. आज तुझा फोन न्हाई, फोडणीचा आवाज न्हाई. मी कवाचा फोनकडं कान लावून बसलो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, दुसऱ्यांना विचारण्यात गेली, मला कोणी हे विचारलं नव्हतं. माझा हुंदका त्यांना ऐकू गेला असेल. ते म्हणाले, "मुरमुरे हायेत ना? भिजव. आंघोळीला जाऊ नको मात्र. मी हाय लाईनवर."

फोन मिठाच्या बरणीला टेकवला. ती चेपलेली कढई गॅसवर ठेवली. मुरमुरे बुडवले, काढले, पिळले. मोहरी तडतडली तसा तिकडून आवाज आला, "हां. आता कसं."