पेंटरतात्यांची बिनमरणाची लढाई

पेंटरतात्या बंदूक काढायला बसले की आधी ती तोंडानं वाजवायचे. साधी असली तर "ढिच्क्यांव", परग्रहावरची असली तर "ट्यूंऽऽव... भुस्स!" आणि हे सगळं माझ्या आळेफाट्यावरच्या दुकानात, गिऱ्हाईक समोर असताना. एकदा सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आलेल्या आजीबाई इतक्या दचकल्या की कागद टाकून थेट रस्त्यापलीकडे गेल्या. "तात्या, तोंड आवरा!" मी ओरडले. तर म्हणतात, "ताई, आवाज बसल्याबिगर नळी सरळ येत न्हाई."

तात्या मूळचे मेंढपाळांच्या घरातले. वडील मेंढरं घेऊन पुढं जायचे आणि हे मागं राहून खडकांवर कोळशानं चित्रं काढायचे. मोठेपणी दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, देवळांच्या भिंती, सगळं त्यांनी रंगवलं. मग फ्लेक्स आला. आणि फ्लेक्स छापणारी मी! दुसरा असता तर माझ्या दारात थुंकला असता. हे मात्र रोज येऊन माझ्याच स्टुलावर बसायचे, माझाच चहा प्यायचे आणि माझ्या फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यांच्या नाकांना नावं ठेवायचे. एकदाच बोलले, "एवढी वर्षं रंगवलं ताई, समदं पुसलं गेलं. एक पुस्तक तेवढं मागं राहू द्या. त्याच्यावर माझं नाव पायजे." हा माणूस रोज का येतोय, ते मला तेव्हा कळलं.

पुस्तक म्हणजे चित्रकादंबरी. चित्रं त्यांची, फुग्यांतलं बोलणं टाइप करायचं मी. गोष्ट अशी, की दोन देशांची लढाई पेटलीय आणि गंमत बघायला परग्रहावरचे लोक दोन्हीकडे आपली हत्यारं टाकतात. त्यातला एक ढीग पडतो बोरी बुद्रुकच्या कांद्याच्या वावरात. "बोरीतच का?" मी विचारलं. "हितं शेजारी खोडदला त्या दुर्बिणीच्या एवढाल्या तबकड्या आभाळाकडं कान लावून बसल्यात. वळखीचं ठिकाण सोडून ते काय पुण्यात उतरत्याल? तितं गाडी लावाया तरी जागा हाय का?"

त्यांची पहिली महातोफ बघून मी कपाळावर हात मारला. "तात्या, हा उलटा धरलेला फवारणीचा पंप आहे!"

"हायच मुळी. त्यांच्यात बी आधी शेतीच असंल ना? मारामारीचं खूळ मागनं आलं."

आणि कळस म्हणजे, लढाई ऐन रंगात आली असताना यांनी चार पानं खंडेनवमीला दिली! गावकरी परग्रहाच्या तोफांना हळदकुंकू लावतायत, झेंडूच्या माळा घालतायत, नारळ फोडतायत. मी म्हटलं, अहो, शत्रू दारात आलाय! तर शांतपणे म्हणाले, "हत्यार कुणाचं का असंना, सणाला बिनपूजेचं ठिवायचं न्हाई. शत्रूला बी घटकाभर थांबता येतंय." हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. ती चार पानं तशीच राहिली.

खरा घोळ पुढंच होता. तात्यांना मनानं तोंडं काढता यायची नाहीत, समोर जिवंत माणूस लागायचा. गोष्टीतल्या शूर सुभेदाराच्या जागी त्यांनी घेतले बोरीचे बापू, बैलगाडा शर्यतीतले नावाजलेले, हातभर मिशांचे. बिचारे छाती काढून तीन दिवस उभे राहिले. मग कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की शेवटी सुभेदार मरतो. बापू तडक दुकानात. "तात्या, मला मारू नका राव. पोरीची सोयरीक जुळत आलीय. पावण्यांनी पुस्तक उघडलं आन् नवरीचा बाप मेलेला दिसला, तर?" तात्यांनी बापूंना जिवंत केलं. मग दूधवाल्याला मारायला घेतलं, तर त्याची आई भांडायला आली. जित्या माणसाला मेलेलं काढायचं म्हणजे अपशकुन, कोण तयार होणार? एवढी मोठी लढाई, आभाळातून आग पडतेय, आणि मेलं कोण, तर एक कोंबडा. तोही मालकाला विचारून!

पुण्याच्या प्रकाशकांनी चित्रं बघितली, पोट धरून हसले आणि मग गंभीर झाले. "कोणी मरतच नाही, तर वाचणाऱ्यानं या हत्यारांना भ्यायचं कशाला? शेवट बदला, तर छापतो." परतीच्या एसटीत तात्या मेलेल्या कोंबड्याचं पान काढून बघत बसले. मला त्या प्रकाशकाचा राग आला होता, आणि त्याचं खरं होतं म्हणून जास्तच आला होता.

दुसऱ्या दिवशी घरातला आरसा काखोटीला मारून तात्या हजर. आरसा भिंतीला टेकवला आणि दुकानाच्या फरशीवर आडवे झाले, जीभ बाहेर काढून. "ताई, मेल्यागत दिसतंय का?"

"जीभ आत घ्या आधी! आणि काकूंना विचारलंत का?"

"तिला इचारलं तर ती खराच मारंल."

गोष्टीतला म्हातारा पेंटर रंगाचा डबा घेऊन तोफेपाशी जातो आणि तिच्या काचेच्या डोळ्याला काळा रंग फासतो. तोफ आंधळी होते, गाव वाचतं, पेंटर मात्र वाचत नाही. ते पान त्यांनी एका बैठकीत काढलं.

पुस्तक छापून आलं. वर ठसठशीत अक्षरांत तात्यांचं नाव. काकूंनी आठ दिवस अबोला धरला. दूधवाल्याची आई भर बाजारात ओरडली, "मुडद्या, आमाला न इचारता मेलास व्हय रं!" आणि तात्या फाट्यावर दिसेल त्याला ते पान उघडून दाखवत होते. "बघा राव, हितं मेलोय आन् हितं भजी खातोय!" इतका खूश झालेला माणूस मी दुसरा बघितला नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, तात्या गेले. झोपेतच गेले. अपशकुनाचं कुणी काढलं की माझं डोकं सणकतं.

दहावा झाला आणि बापू दुकानात आले. टोपी काढून हातात धरली होती. "ताई, पुस्तक परत छापत्यात म्हनं?"

"हो बापू."

"मंग आता तात्याच्या जागी मला मारा. पोरगी नांदतीया, माझी काय बी हरकत न्हाई. तात्याला तेवढं उटवा."

"बापू, चित्र कोण काढणार? काढणारेच गेले."

हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. एवढा मिशीवाला गडी मटकन खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. मलाही आवरेना. मग बापू उठले, टोपी घातली, दारापर्यंत गेले आणि मागं वळले.

"मंग कुटंतरी लिवून तरी ठिवा ताई, बापू तयार झाला व्हता म्हणून."