झुरळांच्या बाजूने

तिला सासरी आणि ऑफिसात, दोन्हीकडे नाकमुरडी म्हणत. सासरी पाठीमागे, ऑफिसात तोंडावर. गेम बनवणाऱ्या एका कंपनीत ती टेस्टर होती. म्हणजे दिवसभर अर्धेकच्चे गेम खेळायचे, कुठे काय फसतंय ते शोधायचं आणि लिहून द्यायचं.

तिचा धाकटा दीर नोकरी सुटल्यापासून घरीच होता. दाढी वाढलेली, आंघोळीला दुपार. त्याने एका गेम-जॅममध्ये भाग घेतला तेव्हा घरात सगळ्यांनाच हायसं वाटलं. जॅम म्हणजे शर्यत: शुक्रवारी विषय जाहीर होतो, रविवार संपायच्या आत गेम बनवून टाकायचा, आणि मग स्पर्धकांनीच एकमेकांचे गेम खेळून गुण आणि अभिप्राय द्यायचे. विषय होता 'उलटं'. दिराने टॉवर डिफेन्स उलटा केला. एरवी त्या खेळात आपण वाटेवर बुरूज उभारतो आणि चालून येणारी फौज अडवतो. इथे बुरूज दुसऱ्याचे, आपण फौज. आणि फौज कसली, तर झुरळांची. सिंकखालून निघून ओट्यापर्यंत पोचायचं. वाटेत चपला, फवारे, चिकट सापळे.

झुरळाचं नाव काढलं तरी तिच्या अंगावर काटा यायचा. तरी घरचा गेम म्हणून ती खेळायला बसली. चिरडलेल्या दर झुरळामागे 'चर्रक' असा आवाज आणि पांढरट चिळकांडी. तो आवाज दिराने ओल्या फडक्यात बिस्किटं चिरडून मिळवला होता. कशीबशी ती दुसऱ्या स्वयंपाकघरात, म्हणजे पुढच्या टप्प्यात पोचली, तर तिथे गेमच अडकला. दार उघडेना, झुरळं जागच्या जागी पाय हलवत राहिली.

तिने गेमच्या पानावरचे स्पर्धकांचे अभिप्राय वाचले. 'भन्नाट!' 'आवाज तर खतरनाक!' 'मस्तच, आता माझाही खेळा.' दुसऱ्या स्वयंपाकघराचा कुणी उल्लेखही केला नव्हता. म्हणजे तिथपर्यंत कुणी गेलंच नव्हतं. तू माझ्या गेमला छान म्हण, मी तुझ्या. अहो रूपं अहो ध्वनिः! झुरळांपेक्षा तिला याचीच जास्त किळस आली.

जेवताना सासूबाईंनी विचारलं, कसा झालाय गेम? नवऱ्याने टेबलाखालून तिचा पाय दाबला.

"शिसारी आली," ती म्हणाली.

दीर खूश झाला. "तेच तर हवं होतं, वहिनी."

"झुरळांची नाही, भाऊजी. गेमची."

तो ताट तसंच टाकून उठला. चार गोड शब्द बोलायला जीभ झिजते का, असं सासूबाई म्हणाल्या. नवरा उठून भांडी घासायला गेला, आणि ते तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक अहवाल तपासताना तिची तिलाच लाज वाटली. हाताखालच्या कुणी 'शिसारी आली' एवढंच लिहून दिलं असतं, तर तिने कागद तोंडावर फेकला असता. काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं, हे नसेल तर त्याला अभिप्राय नाही, थुंकणं म्हणतात.

सुट्टीच्या दिवशी ती खुर्चीवर पाय वर घेऊन पुन्हा खेळली. पहिल्या स्वयंपाकघरात बारकी झुरळं झुंडीने सोडली की दर वेळी जिंकता येत होतं. जाड पाठीचं आणि उडणारं झुरळ नुसतं शोभेला. चप्पल कुठवर पोचते ते दिसतच नव्हतं, त्यामुळे डाव आखायची सोय नाही. आणि सगळी झुरळं शाळेतल्या पोरांसारखी रांगेत चालत होती. खरी अशी चालतात का? तिने चप्पल हातात घेऊन सिंकखालचं कपाट उघडलं. एक होतंच. तिने मारलं नाही. ते निश्चल, फक्त मिशा हलत होत्या. मोबाइलचा उजेड टाकताच ते भिंतीच्या कडेला चिकटलं आणि सुळकन पाइपामागे गेलं. साबणाने हात पुन्हा पुन्हा धुऊन ती दिराच्या खोलीत गेली.

"आवाज उत्तम केलाय," ती म्हणाली, "इतका की मला सोसवत नाही. पण दुसऱ्या स्वयंपाकघरात गेम अडकतो."

त्याने मान वर न करता सांगितलं की इतक्या लोकांनी खेळला, कुणी तसं म्हटलं नाही.

"तुम्ही स्वतः खेळून बघा."

तो खेळला. अडकला. मग सगळे अभिप्राय पुन्हा वाचून त्याने घासात केस आल्यासारखं तोंड केलं.

बाकीचंही तिने एकेक करून सांगितलं. शेवटी म्हणाली, "झुरळं सोडल्यावर मी करू काय? नुसती मरताना बघू? मला दिव्याचं बटण द्या. अंधार केला की पळतील, उजेड केला की भिंतीला चिकटतील."

"अंधार केला तर घरातला माणूस चप्पल घेऊन उठून येईल, वहिनी."

"येऊ दे. तेव्हा कुणाला मरू द्यायचं ते मी ठरवीन."

जॅममध्ये गुण देणं चालू असताना दुरुस्ती चालत होती, नवी भर चालत नव्हती. त्याने अडकलेलं दार तेवढं उघडलं. निकालात गेम जवळजवळ तळाला गेला. भन्नाट म्हणणाऱ्यांनी गुण द्यायच्या वेळी हात आखडले होते. दिराने लॅपटॉप मिटून ठेवला. काही दिवसांनी त्याने तो पुन्हा उघडला आणि दिव्याचं काम सुरू केलं.

नवा गेम तिनेच पहिल्यांदा खेळला. जाड पाठीचं झुरळ फ्रिजमागे लपलं होतं. तिने दिवा घालवला, ते निघालं, आणि चप्पल पडली. तिच्या तोंडून "अरेरे" निघून गेलं. झुरळासाठी आपण हळहळलो, या विचाराने तिला स्वतःचीच किळस आली, आणि तिने ते दिराला जसंच्या तसं सांगितलं. कितीतरी दिवसांनी तो मोकळा हसला. मग ती म्हणाली की चिकट सापळ्यातले ते हलणारे पाय कमी करा, बघवत नाही. तो म्हणाला, पाय राहणार. दोघांची चांगलीच जुंपली.

आवाज ऐकून सासूबाई दारात आल्या. आता तरी चांगला झाला ना, त्यांनी विचारलं.

"अजून नाही," ती म्हणाली. दिराने मान डोलावली आणि आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.