काकांचा कच्चा टाका

खोगीरवाले काका माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघत. आधी चाल बघत. दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना हात पँटच्या खिशात जातो का, किंवा धोतर सावरायच्या निमित्ताने जांघेवर टेकतो का, एवढे त्यांना पुरे होई. गिऱ्हाईक "सहज आलतो" म्हणत ओट्यावर टेकेपर्यंत काका टेप घेऊन उभे. "उजवीकडं हाय न्हवं?" गिऱ्हाईक आधी रस्त्याकडे बघे, कुणी ऐकले तर नाही ना म्हणून. मग मान हलवी. माझ्या देखत एकदा एकजण म्हणाला, "मला काईच न्हाई काका, मी भावासाठी विचारायलोय." काका म्हणाले, "बरं. मंग भावाची कंबर इकडं कर."

काका हर्नियाचे पट्टे करत. जांघेत आतडे उतरून गाठ दिसू लागते, ती आत दाबून धरणारे पट्टे. मूळ धंदा मात्र टांग्याच्या घोड्यांचे साज आणि खोगिरे करण्याचा, त्यांच्या आजोबांपासूनचा. परभणीतले टांगे संपले, ऑटो आले, खोगिरांबरोबर कामही गेले आणि नाव तेवढे मागे राहिले. त्यांच्या ओळखीचा एक म्हातारा टांगेवाला हैदराबादहून आणलेला लोखंडी पट्टीचा पट्टा वापरत असे. त्याच्या कमरेवरचा घाव काकांनी एकदा पाहिला आणि त्यांना तो लगेच ओळखू आला. साज चुकला की घोड्याच्या खांद्यावर अगदी असाच घाव पडतो. त्यांनी तो पट्टा त्याच्या अंगावरून काढून घेतला, उसवला, लोखंड रस्त्यावर फेकून दिले. "घोडा आन् बाप्या," ते म्हणत, "दोघं बी कुठं दुखतं ते सांगत न्हाईत. दोघांचं बी कातडं वाचावं लागतं."

मग त्यांनी स्वतःचा पट्टा केला. त्याला किती महिने लागले हे मला माहीत नाही. पण ज्या कुणी सकाळी मापून संध्याकाळी देता येईल असे पट्टे बनवले असतील त्यांची काकांना चीड होती. कंबरेला मऊ सुती नवार. गाठीवर बसणारी गादी लोकरीची, कडा आत वळवलेल्या, म्हणजे घामाने सोलवटणार नाही. मांडीखालून येणारी एक पट्टी, वाकले तरी गादी सरकू नये म्हणून. बक्कल पाठीमागे नाही, डाव्या कुशीवर, कारण पाठीमागचे बक्कल लावायला दुसरा माणूस लागतो आणि या दुखण्यात पुरुष दुसरा माणूस जवळ येऊ देत नाही. बक्कल सरकते होते. "उपाशी पोट आन् जेवलेलं पोट एक नसतंय. माणूस पंगतीत बसला तर त्याला बोटभर ढिलं करता आलं पाहिजे, कुणाला न कळता."

पट्टा बांधून दिला की परीक्षा. उकिडवे बसा. उठा. ही पाण्याची बादली उचला. "आता खोका. अजून जोरात. तुमच्या घरचं कुणी न्हाई इथं ऐकायला." आणि प्रत्येकाला एक धडा पाठ करून घ्यायला लावत: आधी आडवे व्हायचे, गाठ हाताने आत बसवायची, मगच पट्टा बांधायचा. उभ्याने बांधायचा नाही. गाठ बाहेर असताना तर कधीच नाही. आत जात नसेल तर पट्टा फेकून दवाखाना गाठायचा. धडा चुकला तर काका मोठ्या माणसालाही शाळेतल्यासारखे पुन्हा म्हणायला लावत.

माझा दप्तरे आणि पिशव्या शिवण्याचा कारखाना त्यांच्या समोरच आहे. कारखाना म्हणजे पाच मशिनी. काकांचे डोळे कमी झाले तेव्हा नवारीच्या लांब शिवणी ते माझ्याकडून घालून घेऊ लागले. मी सात वर्षे त्यांच्या पट्ट्यांच्या शिवणी घातल्या. कंबरपट्टी आणि मांडीची पट्टी जिथे मिळतात तो एक जोड मात्र ते कधी मशीनवर घालू देत नसत. हाताने घालत, सुती दोऱ्याने, आणि त्या दोऱ्याला मेणही लावत नसत. साज शिवणारा माणूस मेणाशिवाय दोरा ओढत नाही, हे मलाही माहीत होते. मी म्हटले, "काका, मशीनवर टाकते की. दोन मिनिटांचं काम." ते म्हणाले, "न्हाई. तो माझा." मला वाटले, म्हाताऱ्याची हौस. दोन-तीन महिन्यांनी लोक तोच जोड उसवला म्हणून परत येत, तेव्हा वाटले, हात कमजोर झाला.

परत आलेल्याला ते एकच प्रश्न विचारत. "तारीख घेतली का?" म्हणजे सरकारी दवाखान्यात ऑपरेशनची तारीख. नाही म्हटले की त्यांचे तोंड सुटे. "पट्टा म्हंजी टेकू. टेकू लावला म्हणून भिंत नीट होत न्हाई, मिस्त्री बोलवावा लागतो." एका वजनदार पुढाऱ्याला त्यांनी तारीख नाही म्हणून जोड शिवून न देता पायऱ्या उतरायला लावले होते. अशा वेळी मला त्यांचे फार कौतुक वाटे. माझाही स्वभाव तोच. काम करायचे नसेल तर निमित्ते सांगू नका.

पण काका एका बाबतीत त्या पुरुषांच्याच बाजूचे होते. मागच्या खोलीत पडदा, पडद्याआड बाकडे, आणि तिथे जे होई ते तिथेच राही. कुणाची बायको बाजारात भेटून "आमचे हे तुमच्याकडं कशाला येतेत?" विचारू लागली तर काका सांगत, "चपलीचा पट्टा." बायकोच्या तोंडावर. मी एकदा म्हटले, हे बरोबर नाही. ते म्हणाले, "ह्यो धंदा पडद्याचा हाय माय. पडदा गेला तर एक बी येणार न्हाई."

माझा मोठा भाऊ पिंगळीला शेती करायचा. बरी शेती, स्वतःची विहीर, कशाला कमी नाही. इतके पट्टे शिवल्यावर मलाही चाल वाचता येऊ लागली होती. एका दिवाळीत दादा गोठ्यातून पेंडीचे पोते घेऊन आला आणि ठेवताना त्याचा हात जांघेवर गेला. मी त्याला ओढून काकांकडे आणले. त्याने एकच अट घातली, वहिनीला सांगायचे नाही. मी कबूल केले. आज कुणी मला विचारले की तुझी चूक कोणती, तर मी इथून सुरू करीन.

पट्टा दादाला इतका आवडला की तो आजार विसरला. पहिल्यासारखा पोती उचलू लागला. तारखेचे विचारले की, "आता सोयाबीन काढायलोय." मग हरभरा. मग हळद. आठ-नऊ महिने गेले. एक दिवस तो कारखान्यात आला, पिशवीतून पट्टा काढून माझ्यापुढे टाकला. "काकाचा टाका सारखा उसवायलाय. तू जरा मार की पक्का."

मी मारला. नायलॉनचा दोरा, तिहेरी शिवण, वर आडवे टाके. ट्रकच्या ताडपत्रीला घालते तशी. म्हटले, "आता तुझ्या जन्मात उसवत नाही."

पुढच्या हळदीच्या काढणीत सकाळी गाठ बाहेर आली आणि आत जाईना. दादाने काकांचा धडा पाठ केला होता, पण पट्टा वर्ष-सव्वा वर्ष इतका चांगला चालला होता की त्याला पट्ट्याचाच भरवसा होता. त्याने उभ्यानेच पट्टा बोटभर जास्त आवळला आणि दुपारपर्यंत काम केले. दुपारी उलटी. वहिनीला म्हणाला, "पित्त झालंय." तिने लिंबू-साखर दिली. ती रात्रभर त्याला लिंबू-साखर देत राहिली. सकाळी पोट फुगलेले बघून तिने शेजाऱ्याचा ऑटो बोलावला. डॉक्टरांनी तिला विचारले, "किती वर्षांपासून आहे?" ती म्हणाली, "काय?"

आतडे काळे पडले होते. कापावे लागले. चौथ्या दिवशी दादा गेला.

काका पिंगळीला भेटायला आले. वहिनीच्या समोर त्यांना बसवेना. मला बाजूला बोलावून म्हणाले, "पट्टा कुठाय?" दवाखान्याने कपड्यांबरोबर पिशवीत दिला होता, तो मी आणून दिला. त्यांनी तो जोड डोळ्यांजवळ नेला, नखाने शिवण चाचपली.

"कुणाची?"

"माझी."

"चांगली हाय," ते म्हणाले आणि पट्टा घेऊन निघून गेले.

मला ते काय म्हणाले ते समजले नाही, पण झोपू देईना. परभणीला परतल्या दिवशी मी सरळ त्यांच्या पायऱ्या चढले. त्यांनी गिऱ्हाईक घालवले आणि मग सांगितले. "तो जोड तीन महिन्यांत तुटाया पाहिजे. म्हणून कच्चा दोरा, म्हणून मेण न्हाई. तुटला की माणूस यतो. आला की मी विचारतो."

"हे मला का नाही सांगितलं? सात वर्षं तुमच्या शिवणी घालते मी."

"कुणालाच न्हाई सांगितलं. कळलं असतं तर समदे बाजारात शिवून घेत फिरले असते."

"मी समदे आहे का?"

ते म्हणाले, "तुझा भाऊ दोनदा आलता. दोनदा तारीख घेतली म्हणून खोटं बोलून शिवून नेला. तिसऱ्या बारीला चिठ्ठी दाखव म्हणलं तर उठून गेला. ते तुला बोलला न्हाई?"

"नाही."

"मंग राग वाटून दे, माय. समदा माझ्या एकट्याच्या पदरात घालू नको."

मी म्हटले, "वहिनीला माहीत असतं तर तिनं पहिल्या उलटीलाच ऑटो बोलावला असता. तिला तरी सांगायचं होतं."

"बाप्याची गोष्ट बाईला कशी सांगावी?"

"मी बाईच आहे ना? माझ्यापासून काय लपलं?"

"तू कारागीर हायस," काका म्हणाले. आयुष्यात मला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी, आणि ती ऐकून मला त्यांच्या तोंडात मारावेसे वाटले.

दोन महिने आम्ही बोललो नाही. नवारीची गुंडाळी ते माझ्या उंबऱ्यावर ठेवत, शिवून झाली की मी त्यांच्या ओट्यावर ठेवी. त्याच काळात त्यांनी एक बदल केला, हे मला समोरून ऐकू येई. प्रत्येकाला पहिल्यांदाच सांगू लागले, "ह्यो दोरा तुटणार हाय. तीन महिनं. मंग ऑपरेशन. कबूल आसंल तर माप देतो." निम्मे लोक उठून जात आणि औषधांच्या दुकानातून डब्यातले तयार पट्टे आणत. काका पायरीवर उभे राहून त्यांच्या पाठीवर शिव्या घालत. पण बायकांना सांगायचे मी म्हटले की मान हलायची ती आडवीच. शेवटपर्यंत आडवीच.

डोळे पुरतेच गेले तेव्हा ते येलदरीकडे लेकीच्या घरी निघाले. जाताना पुठ्ठ्याची मापे, बकलांचा डबा आणि गाद्यांची लोकर माझ्या टेबलावर आणून ठेवली. म्हणाले, "कर. पर गिऱ्हाईक न्हाई यायचं. बाईपुढं कोण कमरेचं सोडतंय?" मी म्हटले, येतील. "बघ," म्हणाले आणि ऑटोत बसले. गेल्या थंडीत ते तिकडेच वारले.

मला त्यांचा राग आहे. ते गेले म्हणून तो कमी करण्याचे मला कारण दिसत नाही. त्यांच्याएवढा चांगला पट्टा या जिल्ह्यात कुणी केला नाही, आणि त्यांच्याएवढी दुसऱ्याच्या लाजेची राखण कुणी केली नाही. मी पट्टा त्यांच्याच मापाने करते, जोड त्यांच्याच कच्च्या दोऱ्याने घालते. नियम मात्र माझा आहे. घरची बाई बरोबर आणा. बायको, आई, बहीण, कुणीही. माप तीच घेईल, धडा तीही पाठ करील. मी पडद्याबाहेर उभी राहून सांगेन. चारांतले तीन परत जातात. जाऊ देत.

मागच्या आठवड्यात येलदरी धरणाच्या बाजूचे एक जोडपे आले. नवरा साठीचा, बायको किरकोळ, डोक्यावर पदर, आवाज मात्र खणखणीत. तिने पडद्याआड त्याला आडवे केले, मी सांगितले तसे बांधले.

"लय आवळायलीस."

"तीन वर्सं गप बसलाव, आता बी गप बसा."

बाहेर आल्यावर मी तिला जोड दाखवला. हा तीन महिन्यांत तुटेल, तोवर दवाखान्याची तारीख घ्यायची, तारखेशिवाय मी पुन्हा शिवून देणार नाही. तिने दोरा बोटाने ओढून पाहिला. नवरा म्हणाला, "पक्का मारा की बाई, एवढं काय त्यात."

मी उत्तर द्यायच्या आधी ती त्याच्याकडे वळली. "तीन महिनं कशाला थांबू? म्होरल्या सोमवारी तारीख न्हाई घेतली तर माझ्या घरी कात्री हाय."