डोळे मिटून भांडण

आमच्या घरात डोळे उघडे ठेवून भांडण फारसं झालंच नाही. संध्याकाळी घरच्या प्रार्थनेला सगळे डोळे मिटून बसले, की मम्मीला जे सुनवायचं असे, ते पप्पा प्रभूला सांगत. मग मम्मी त्याच प्रभूमार्फत उत्तर धाडे. प्रार्थना करणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही, हा एकच नियम. मिक्सरच्या खरेदीपासून माझ्या लग्नापर्यंत सगळं बिचाऱ्या प्रभूने ऐकून घेतलंय.

महापालिकेच्या निवडणुकीत मात्र प्रकरण हातघाईवर आलं. शरणपूर रोडकडच्या आमच्या भागातून आमच्या चर्चमधलेच एक गृहस्थ उभे राहिले. पप्पा चर्चचे पंच, म्हणजे कारभारी मंडळातले. 'आपला माणूस' म्हणून ते असे हरखले, जणू स्वतःच निवडून आलेत. शिवाय आमच्या घराचं मत कायम एकच असे, आणि ते पप्पा ठरवत.

पण आपल्या माणसाच्या पत्रकात एक आश्वासन होतं: मैदानातल्या ताडपत्र्या हटवू. त्या ताडपत्र्यांखाली सुरगाण्याकडून मजुरीला आलेली कुटुंबं राहत होती. मम्मी निवृत्त नर्स. तिथल्या बाळंतिणींकडे तिचं रोजचं जाणं-येणं.

त्या संध्याकाळी पप्पा म्हणाले, "हे दयाळू पित्या, तुझ्या सेवकाला निवडून आण आणि या घरातलं एकही मत फुटू देऊ नकोस."

मम्मीने घसा खाकरला. "हे प्रभू, रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाला टाळून याजक गेला, मंदिराचा सेवक लेवी गेला. दोघंही त्याच्याच लोकांतले. थांबला तो परका शोमरोनी. ह्यांनी ही गोष्ट रविवारच्या शाळेत जन्मभर मुलांना शिकवली. आता ह्यांनाही ती कळू दे. गरिबाचं छप्पर काढणाऱ्याला मी मत देणार नाही. आमेन."

मी आमेन म्हटलं. पप्पा आमेन न म्हणताच उठले.

आमच्याकडे याहून मोठा स्फोट होत नाही. आठवडाभर पप्पांनी जेवणाआधीची प्रार्थना एका वाक्यात उरकली. मला वरवर हसू येत होतं, पण आतून धास्तावले होते. मम्मी आयुष्यात पहिल्यांदा अडून बसली होती, आणि पप्पा हट्टाला पेटले की पेटले.

रविवारी उपासना संपल्यावर उमेदवाराला वेदीपुढे बोलावलं. चर्चमध्ये प्रचार कशाला, म्हणून माझं डोकं फिरलं होतं. त्यात त्यांच्यासाठी प्रार्थना करायची पाळी पप्पांची. उमेदवार गुडघे टेकून बसले. पप्पांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"प्रभू, यांना आरोग्य दे. मैदानातली माणसंही तुझीच लेकरं आहेत, ती यांना दिसू दे. त्यांची दुसरीकडे सोय होईपर्यंत एकाही ताडपत्रीला यांचा हात लागू देऊ नकोस. हे आम्ही सगळे एकमुखाने मागतो."

"आमेन!" सगळं चर्च म्हणालं. उमेदवारही म्हणाले. डोक्यावर पंचांचा हात असताना दुसरं काय म्हणणार? मी हळूच पाहिलं, तर मम्मीचे डोळे सताड उघडे होते आणि ती रडत होती.

घरी येताना तिने विचारलं, "अहो, मग घराचं मत कुणाला?"

"माझं मी बघेन," पप्पा म्हणाले. "तुझं तू बघ."